पॅलेटचं लॉक लावणाऱ्याला परवाना कधी?

मालवाहू विमान उडाल्याउडाल्या कोसळलं की पुढचे चार दिवस टीव्हीवर तीनच संशयित उभे असतात: इंजिन, पक्षी आणि पायलट. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची तेव्हा चंगळ असते. जून 2025 मध्ये अहमदाबादला प्रवासी विमान पडलं, तेव्हा मोबाइलवरच्या धूसर व्हिडिओवरून फ्लॅप उघडे होते की मिटलेले यावर तासन्‌तास वाद झाले. महिन्याभरानं प्राथमिक अहवाल आला, तो मात्र दोन्ही इंजिनांच्या इंधन-स्विचांबद्दल बोलत होता. मालवाहू विमानाच्या बाबतीत ही चर्चा आणखीच भरकटते, कारण तिथं एक चौथा संशयित असतो आणि त्याच्याकडे कॅमेरा सहसा वळत नाही. तो म्हणजे विमानातला माल. कुणी तोलला, कुठं ठेवला, कशानं बांधला आणि कागदावर काय लिहिलं?

उड्डाणानंतर लगेच झालेल्या ज्या मालवाहू अपघातांची नीट चौकशी झाली, त्यांचे अहवाल वाचत गेलं तर मूळ पुन्हा पुन्हा विमान जागचं हलण्याआधीच्या कामात सापडतं. गोदामात, रॅम्पवर म्हणजे विमान उभं करून भरतात त्या जागेवर, नाही तर दुरुस्तीच्या हँगरमध्ये. परवाने, तपासण्या आणि निलंबनं यांचा रोख मात्र कॉकपिटवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नागपूरला मालवाहतुकीचं केंद्र व्हायचं आहे, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पाच्या पूर्ण नावातच कार्गो हब आहे. ते खरोखर व्हायचं असेल तर हा रोख बदलावा लागेल, आणि सुरुवात रॅम्पवर पॅलेट, म्हणजे माल रचायचं सपाट तबक, विमानात लॉक करणाऱ्या माणसापासून करावी लागेल, असं आमचं म्हणणं आहे.

उड्डाणाचीच वेळ घातक का, हे आधी पाहू. तेव्हा विमान सगळ्यात जड असतं, कारण टाक्या भरलेल्या असतात. वेग जेमतेम पुरेसा असतो आणि उंची नसतेच. धावपट्टीवर एक ठरावीक वेग ओलांडला की उरलेल्या अंतरात थांबता येत नाही. त्यानंतर काहीही झालं तरी उडायचंच, असा नियम आहे. एक इंजिन बंद पडलं तरी चढता यावं एवढी ताकद प्रत्येक मोठ्या विमानाला राखून ठेवावीच लागते. दोन इंजिनांच्या विमानाला तशाही अवस्थेत चाकं मिटल्यावर किमान 2.4 टक्के चढ साधावा लागतो, म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 2.4 मीटर वर. म्हणून नुसतं एक इंजिन बंद पडल्यानं विमान सहसा पडत नाही. पण ही सगळी गणितं एका गृहीतकावर उभी आहेत: कागदावरचं वजन आणि कागदावरचा गुरुत्वमध्य खरा आहे.

नागपुरात या हिशेबात हवाही येते. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी 3,200 मीटर लांब, समुद्रसपाटीपासून सुमारे 315 मीटर उंच. मे महिन्यात पारा 45 वर गेला की इथली हवा प्रमाण हवेपेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा, 12-13 टक्के विरळ होते. विमानाच्या हिशेबानं त्या दुपारी सोनेगाव साधारण 1,500 मीटर उंचीवर असतं, चिखलदऱ्याच्याही बरंच वर. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, तेवढंच वजन उचलायला लांब धावावं लागतं. हे सगळं तक्त्यांत दिलेलं असतं. वैमानिक त्याप्रमाणे माल कमी करायला सांगतात किंवा रात्री उडतात. तेव्हा उन्हाळा एकट्यानं विमान पाडत नाही. तो चुकीला असलेली मोकळीक खाऊन टाकतो. जानेवारीच्या पहाटे दोन टनांची जी चूक विमान कसंबसं पचवेल, ती मेच्या दुपारी पचेलच असं नाही.

मालवाहतूक या शहराला नवी नाही. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परतायची. डिसेंबर 1953 मध्ये त्याच सेवेचं एक डाकोटा सोनेगाववरून उडालं आणि थोड्याच वेळात कोसळलं. त्यातल्या 14 पैकी 13 जण गेले, वाचला तो वैमानिक.

आता मालाकडे वळू. 737-800 जातीचं मालवाहू विमान घ्या. मुख्य डेकवर 11 पूर्ण आकाराची पॅलेट बसतात. समजा पुढे ठेवायचं अडीच टनांचं पॅलेट घाईत 15 मीटर मागे गेलं. अडीच गुणिले पंधरा म्हणजे 37.5 टन-मीटर. विमानाचं वजन 75 टन धरलं, तर गुरुत्वमध्य अर्धा मीटर मागे सरकला. अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण या विमानाच्या पंखाची सरासरी रुंदी जेमतेम चार मीटर आहे आणि गुरुत्वमध्य त्या रुंदीच्या टक्क्यांत मोजतात. एका पॅलेटच्या जागेनं साडेबारा टक्के फरक पडला. मुभा असते ती एकूण तीसेक टक्क्यांची, म्हणजे जवळजवळ निम्मी एकट्या पॅलेटनं खाल्ली.

वैमानिक ट्रिमशीटवरच्या, म्हणजे वजन आणि गुरुत्वमध्याच्या कागदावरच्या, आकड्यानुसार शेपटीचं स्टॅबिलायझर, म्हणजे तिथला आडवा पंख, बसवतो. आकडा पुढचा आणि वजन मागे, अशी गत असली तर नाक उचलायची वेळ येण्याआधीच ते वर जाऊ लागतं. वैमानिक दांडा पुढे दाबतो, नाक तरीही वर जातं, वेग घटतो, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. मायामीत 7 ऑगस्ट 1997 रोजी फाइन एअरच्या डीसी-8 विमानाचं हेच झालं. त्यात जीन्सच्या कापडाचे गठ्ठे होते. ठरलेलं विमान उशिरा येणार म्हणून दुसरं दिलं गेलं, माल मात्र ठरल्याप्रमाणे लागला नाही आणि गुरुत्वमध्य कागदापेक्षा बराच मागे गेला. विमानातले चार आणि जमिनीवरचा एक असे पाच जण गेले. बरीच लॉक लावलेलीच नव्हती, हेही चौकशीत निघालं. पायलट, इंजिन, पक्षी यांतल्या कुणाचाही त्यात दोष नव्हता.

लॉकबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पॅलेट रोलरवरून ढकलत आणतात आणि जागेवर आलं की विमानाच्या जमिनीतून वर येणारी लोखंडी लॉक त्याच्या कडेवर उभी करतात. लॉक पूर्ण उभं राहून खटका बसला पाहिजे. पॅलेटची कड वाकलेली असेल, खाचेत प्लॅस्टिकचा कागद किंवा जाळीचा दोर अडकला असेल, तर ते अर्धवट उभं राहतं आणि वरून पाहणाऱ्याला लागल्यासारखं दिसतं. एखादं लॉक नादुरुस्त असेल तर त्या जागेवर किती वजन चालतं याची मर्यादा कमी होते. ती मर्यादा पुस्तकात असते, रॅम्पवरच्या माणसाच्या हातात नसते. आणि लॉक फक्त पॅलेटला धरतं. पॅलेटवरच्या मालाला धरते ती जाळी, आणि जाळीत न मावणाऱ्या अवजड मालाला पट्टे.

पट्ट्यांचं गणित तर इतकं फसवं आहे की त्यानं सात जणांचा जीव घेतला. 29 एप्रिल 2013 रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून नॅशनल एअरलाइन्सचं 747 उडालं. आत पाच चिलखती गाड्या, 12 ते 18 टनांच्या. आदल्या टप्प्यात एक पट्टा तुटल्याचं वैमानिकांच्या आपसातल्या बोलण्यात आलं होतं. चाकं जमिनीवरून सुटली आणि मागची गाडी बांधणीतून निसटून शेपटीत घुसली. चारपैकी दोन हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, स्टॅबिलायझर हलवणारं यंत्र मोडलं. माल मागे गेल्यानं विमान पडलं असं सुरुवातीला सगळे म्हणत होते. चौकशीत निघालं ते असं, की नुसत्या गुरुत्वमध्याच्या सरकण्यानं नव्हे, तर सरकलेल्या गाडीनं नियंत्रणच तोडल्यानं ते सावरता आलं नाही. कंपनीच्या पुस्तिकेत अवजड माल बांधायची पद्धतच अपुरी होती.

नागपूरच्या संदर्भात हे गणित मांडून पाहू. बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्यातून 10 टनांचं यंत्र न्यायचं आहे. ते मागे सरकू नये म्हणून वजनाच्या दीडपट ओढ सहन करणारी बांधणी लागते, म्हणजे 15 टन. एका प्रमाणित पट्ट्याची ताकद 2,268 किलो. भागाकार केला तर सात पट्टे पुरतात. पण पट्टा यंत्राच्या वरच्या कडीपासून जमिनीकडे तिरपा येतो. जमिनीशी त्याचा कोन 60 अंशांचा असेल तर मागची ओढ थोपवायला त्याची निम्मीच ताकद कामी येते. झाले चौदा. त्यातही जे पट्टे आडवे ओढतात त्यांचा मागच्या दिशेला उपयोग नाही, म्हणून बाजूंसाठी वेगळे, वर उचललं जाऊ नये म्हणून वेगळे. शिवाय पट्टा ज्या कडीला अडकवायचा, तिची आणि तिच्याखालच्या जमिनीची मर्यादा पट्ट्यापेक्षा कमी असू शकते. ‘भरपूर पट्टे लावलेत साहेब’ हे वाक्य त्यामुळे निरर्थक आहे. किती लावले याला अर्थ नाही, कोणत्या कोनात आणि कशाला लावले याला आहे. हे ज्याला कळतं तो माणूस रॅम्पवर उभा असला पाहिजे. बगरामच्या अहवालात अमेरिकी तपास यंत्रणेनं नेमकी हीच शिफारस केली: विशेष माल लादणाऱ्या आणि बांधणाऱ्या लोकांना प्रमाणपत्र असावं.

वजनाची चूक याहून सोपी आणि याहून न दिसणारी. 14 ऑक्टोबर 2004 रोजी कॅनडात हॅलिफॅक्सला एमके एअरलाइन्सचं 747 धावपट्टी संपली तरी उचललं गेलं नाही. शेपटी जमिनीला घासली, पुढच्या मातीच्या बांधावर आदळली आणि सातही जण गेले. वेग आणि इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या लॅपटॉपमध्ये बहुधा आधीच्या उड्डाणाचं वजन तसंच राहिलं होतं. ते होतं 2,40,000 किलो, विमान होतं 3,53,000 किलोचं. इंजिनं जपण्यासाठी गरजेपुरताच जोर लावतात, त्यामुळे वजनाचा आकडा चुकला की जोरही आपोआप कमी लागतो. एकच चूक दोनदा मारते. ही चूक कॉकपिटमधली होती हे खरंच आहे. पण त्या वैमानिकांची ड्युटी ठरलेल्या वेळापत्रकानुसारच 24 तासांच्या पुढे जाणार होती, आणि ते वेळापत्रक त्यांनी आखलं नव्हतं.

हँगरमधल्या चुकीचा नमुना याहून बोलका आहे. 16 फेब्रुवारी 2000 रोजी कॅलिफोर्नियात एमरी कंपनीचं डीसी-8 उडालं. नाक वर जाऊ लागलं, तेव्हा वैमानिकांनी कंट्रोलला कळवलं की गुरुत्वमध्याची गंभीर अडचण आहे. मरता मरता त्यांनाही वाटलं की माल सरकला. माल सरकला नव्हता. उजव्या एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या झडपेच्या, टॅबला दांडीशी जोडणारा एक बोल्ट निघून गेला होता, कारण दुरुस्तीत तो नीट पक्का केला गेला नव्हता आणि तपासणीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून सांगतो, नाक वर करून पडणाऱ्या विमानाचा व्हिडिओ पाहून कारण ठरवू नका. सरकलेला माल, चुकलेलं ट्रिम आणि निसटलेला बोल्ट, बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. मिहानमध्ये विमानदुरुस्तीची मोठी केंद्रं आहेत, त्यांचा आपल्याला अभिमानही आहे. उड्डाण-नियंत्रणाचा कुठलाही सांधा उघडला की दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासायचा हा नियम तिथं पाळायचाच असतो. पण दुसरी सही पहिल्या माणसावर विश्वास ठेवून झाली, तर ती नसल्यात जमा आहे.

इंजिनाचंही पाहू. 4 नोव्हेंबर 2025 रोजी अमेरिकेत लुईव्हिलला यूपीएसच्या एमडी-11 चं डावं इंजिन उड्डाणाच्या वेळी पायलॉनसकट, म्हणजे इंजिन पंखाला टांगणाऱ्या सांगाड्यासकट, तुटून पडलं. विमान जेमतेम 30 फूट उचललं गेलं. तिन्ही वैमानिक आणि जमिनीवरची दहाहून अधिक माणसं गेली. ‘इंजिन फेल’ असा मथळा बहुतेकांनी दिला, पण प्राथमिक अहवालात इंजिनाबद्दल नव्हे तर पायलॉन पंखाला धरणाऱ्या मागच्या लगमधल्या, म्हणजे जोडाच्या कडीतल्या, थकव्याच्या भेगांबद्दल लिहिलं आहे. त्या लगची विशेष तपासणी 28,000 उड्डाणांच्या पुढे ठरलेली होती, विमानाची साधारण 21,000 झाली होती. म्हणजे कागदावर सगळं वेळेत होतं. 1992 मध्ये ॲम्स्टरडॅमला एल अलच्या मालवाहू 747 ची उजवीकडची दोन्ही इंजिनं अशीच गळाली. मूळ होतं पायलॉनची एक थकलेली पिन. विमान वसाहतीवर पडलं, एकूण 43 जण गेले, त्यांतले 39 जमिनीवरचे. जुनं विमान म्हणजे धोका असं सरसकट म्हणता येत नाही. प्रवासी सेवेतून निवृत्त होऊन मालवाहतुकीत आलेली विमानं पुढे वर्षानुवर्षं नीट चालतात. पण तपासणीचा अवधी ठरवताना धरलेली गृहीतकं विमान म्हातारं होताना पुन्हा तपासली जातात का, हा प्रश्न विचारायचा असतो.

आगीबद्दल थोडक्यात. मालवाहू विमानाच्या मुख्य डेकवर बहुतेक वेळा आग विझवणारा वायू नसतो. हवा बंद करायची, उंचावर जाऊन केबिनचा दाब सोडायचा आणि ऑक्सिजनविना आग गुदमरू द्यायची, ही पद्धत. उड्डाणानंतर लगेच आग लागली तर ती उंचीच नसते, आणि लिथियम बॅटरीला बाहेरच्या ऑक्सिजनची तितकी गरजही नसते. सप्टेंबर 2010 मध्ये दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या 747 मध्ये 22 मिनिटांनी आगीची सूचना आली. दोघेही वैमानिक वाचले नाहीत. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या 2016 पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, मालवाहू विमानात 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही. नियम आहेत. पण खोक्यावर ‘इलेक्ट्रॉनिक सामान’ एवढंच लिहिलं, तर नियमाला कळणार कसं? ते ओळखणारा माणूस गोदामात काउंटरवर बसलेला असतो.

आता मूळ मुद्दा. वैमानिकाला परवाना लागतो. विमान उडायला योग्य आहे अशी सही करणाऱ्या इंजिनिअरला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो. ट्रिमशीटवर सही करणाऱ्याला प्रशिक्षण आणि मान्यता लागते. पॅलेट ढकलून लॉक लावणाऱ्याला विमानतळाचा पास आणि कंपनीनं दिलेलं प्रशिक्षण पुरतं. तो बहुधा कंत्राटी असतो, पाळ्या बदलत राहतात, काम पटलं नाही तर वर्षाच्या आत निघून जातो. 45 अंशांत काँक्रीटच्या रॅम्पवर, अंगावर जॅकेट आणि कानावर मफ घालून, गाडी सुटायची वेळ झाली म्हणून ओरडणाऱ्या सुपरवायझरसमोर तो अर्धवट उभं राहिलेलं लॉक पुन्हा उघडून लावील का? त्याला तसं करायचा अधिकार आहे असं कुणी त्याला सांगितलंय का?

यावर पहिला आक्षेप येतो की अंतिम जबाबदारी कॅप्टनची असते. कायद्यानं असते. पण भरलेल्या 737 मध्ये मुख्य डेकवर दारापलीकडे पहिलं पॅलेट दिसतं, बस. मागच्या दहांची लॉक बघायला सरकायला जागा नसते. जे पाहता येत नाही त्याची जबाबदारी अंगावर टाकणं म्हणजे अपघातानंतर दोष द्यायची सोय करून ठेवणं. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. परवानाधारक माणूस महाग पडेल, ग्राउंड हँडलिंगचे दर वाढतील, नागपूरचा माल मुंबई-हैदराबादकडे वळेल अशी भीती दाखवली जाईल. आज इथला बराचसा माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो, त्यामुळे स्वतंत्र मालवाहू उड्डाणं आणायला सगळे सवलती देण्याच्या मनःस्थितीत असतात. आम्हाला वाटतं, शिस्त लावायची असेल तर ती आत्ताच, उड्डाणं थोडी असताना. रोज वीस विमानं भरायला लागल्यावर नवी पद्धत कुणीही शिकत नाही.

सगळ्या लोडरना परवाना द्या असंही म्हणणं नाही. एका विमानामागे एक माणूस पुरे: लादणीचा प्रमुख. त्याची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा व्हावी, त्या-त्या जातीच्या विमानापुरती मान्यता असावी, दोन वर्षांनी ती नव्यानं घ्यावी, ड्युटीच्या तासांना मर्यादा असावी, आणि विमान थांबवायचा अधिकार असावा. थांबवल्याबद्दल त्याच्या कंपनीला दंड होणार नाही, हे करारातच लिहावं, नाही तर तो अधिकार कागदावर राहील. वजनाबद्दलही तेच. पाठवणाऱ्यानं सांगितलेलं वजन धरू नये. पॅलेट बांधून जाळी चढवल्यावर विमानतळावरच्या काट्यावर तोलावं. रिकामं पॅलेट आणि जाळी मिळून 100 किलोच्या वर भरतात, 11 पॅलेटांचं विसरलं की टनाच्या वर चूक झाली. पावसात भिजलेले पुठ्ठे वेगळेच. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ट्रक भरलेला आणि रिकामा असा दोनदा काट्यावर चढतो, तर विमानात जाणारं पॅलेट एकदा तरी चढायला काय हरकत आहे? वैधमापन शास्त्र विभागाचा वर्षाचा शिक्का त्या काट्यावर असावा आणि तो रॅम्पवर सगळ्यांना दिसावा.

वस्तीचा प्रश्न याला लागूनच आहे. मायामी, ॲम्स्टरडॅम, लुईव्हिल, तिन्हीकडे जमिनीवरची माणसं गेली. जयताळा, सोनेगाव, शिवणगाव, चिंचभवन या बाजूंना घर बांधणाऱ्याला उंचीची ना-हरकत माहीत असते. धावपट्टीच्या टोकाजवळ इंधनाचा साठा, केमिकलचं गोदाम किंवा शेकडो मुलांची शाळा असावी का, हा प्रश्न उंचीच्या मोजपट्टीत बसत नाही, म्हणून तो कुणी विचारत नाही. दुसऱ्या धावपट्टीचे नकाशे मंजूर होताना तरी महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यासनं तो विचारावा.

यातलं बरंच काही दिल्लीच्या नियमांची वाट न पाहता होऊ शकतं. ग्राउंड हँडलिंगचं कंत्राट देताना विमानतळ चालवणारी कंपनी अटी घालू शकते: दार बंद होण्याआधी लॉक लावणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसानं टॉर्च घेऊन प्रत्येक लॉक हातानं हलवून पाहावं, प्रत्येक पॅलेटचा फोटो वेळेसह जपावा आणि यादीवर दोघांची नावं वाचता येतील अशी लिहावीत. 11 पॅलेटांना याला साधारण पंधरा मिनिटं लागतील. पहिल्या महिन्यात उड्डाणं त्यापायी लेट होतील, तक्रारी येतील, आणि त्या तक्रारी ऐकून ही अट ढिली करायची नाही असं कंत्राटावर सही करणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावं लागेल.